दोन्ही तळहात साफ

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. या पानावर येणारे अनुभव मी जेवण झाल्यावर टाइमपास म्हणून वाचतो, आणि बरेचदा बायकोला वाचून दाखवून हसतो. माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. चौतीस वर्षं झाली. लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं देवाचा धावा करतात आणि मी वर मशीन रूममध्ये जाऊन कारण शोधतो. कारण असतंच. रिले जळालेला असतो, नाहीतर दाराच्या फटीत कुणाची तरी चप्पल अडकलेली असते. चौतीस वर्षांत एकदाही कारण सापडलं नाही असं झालेलं नाही.

म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. आडनाव सांगणार नाही. आमचं आडनाव दुर्मीळ, त्यावरून गाव कळतं आणि गावावरून माणूस. धाकट्या भावाला इथं दत्ता म्हणतो. त्याचं खरं नाव वेगळं आहे. विहीर मात्र बदलता आली नाही.

गाव आमचं खुलताबादच्या पलीकडं, डोंगर उतरून गेलं की. मूळची आमची घरं मेंढरंवाल्यांची. वडिलांनी कळप मोडला, मी आयटीआय करून शहरात आलो, दत्ता वाळूजच्या कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये लागला. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ना, त्याच्या आधीच्या दिवाळीतली ही सुरुवात. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. शहरातल्याच सातारा परिसरात माझा फ्लॅट, खाली टँकरची वाट बघणाऱ्या बायका, आणि समोर आणखी तीन टॉवरचं काम चालू... पाणी कुठून आणणार हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही, मला लिफ्टची कामं मिळत होती.

माझी मुलगी पूजा लॉ करत होती. निजामाच्या काळातल्या फौजदारी खटल्यांवर त्यांना प्रोजेक्ट होता. जुन्या फायलींची नावनिशीवार यादी मराठीत केलेली होती, आणि पोरांनी त्यात आपापली आडनावं शोधायचा खेळच लावला होता. एकीला तिचा शेळीचोर पूर्वज सापडला, तिनं म्हणे कॉलेजभर मिरवला. एका संध्याकाळी पूजा झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आली. पप्पा, आपला पण सापडला. गावही आपलंच.

मी विचारलं, काय चोरलं होतं? ती म्हणाली, चोरी नाही, खून. सख्ख्या भावाचा.

तिच्या आईनं कागद जेवणाच्या टेबलावरून उचलायला लावले. मी मात्र हसलो. घराण्यात कुणीतरी नाव काढलं म्हटलं.

फाईल होती उर्दूत, तीही घाईघाईनं ओढलेल्या अक्षरात. शहागंजमधल्या एका इमारतीची लिफ्ट माझ्याकडं आहे, तिथं वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड उर्दू मास्टर राहतात. त्यांना आम्ही सगळे मास्टरसाब म्हणतो. भिंग घेऊन बसले बिचारे. पहिल्या पानावर सरकार विरुद्ध अमुक, भावाच्या खुनाचा आरोप. दुसऱ्या पानाचा वरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, त्यामुळं मथळा गेलेला. खाली हुलिया — म्हणजे माणसाच्या अंगावरच्या खुणांचं वर्णन. हुलिया आहे म्हणजे आरोपीचाच असणार, मास्टरसाब म्हणाले. मलाही पटलं.

वय पस्तीसच्या आसपास. डावी भुवई मधोमध चिरलेली. उजव्या कानामागं ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर नाही.

मी चहाचा कप खाली ठेवला. दत्ताची डावी भुवई मधोमध चिरलेली आहे. लहानपणी मेंढ्यानं धडक दिली होती, रक्तबंबाळ अवस्थेत मीच त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळालो होतो. आणि कानामागं तीळ. आई म्हणायची, याला तीट लावायची गरजच नाही. वयही पस्तिशीच्या आत-बाहेर. बोटं मात्र त्याची दहाच्या दहा शाबूत होती. योगायोग, दुसरं काय. पुढं वाचा म्हटलं, पण मास्टरसाबच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. बाकीचं ऑपरेशननंतर बघू म्हणाले. कागद तिथंच ठेवले.

दत्ताला मी फोनवर सांगितलं. तो तर खो-खो हसला. "म्हणजे मी तुझा खून करणार म्हण की. कधी येऊ, दादा?"

मार्चमध्ये त्याच्या कंपनीतून फोन आला. प्रेसवर हात सापडला म्हणून. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ड्रेसिंग झालं होतं. वाळूजला बोटं जाणं नवीन नाही, तिथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा, चार हात तसे दिसतील. हे मला माहीत होतं. तरी मी डॉक्टरला पहिला प्रश्न केला, कुठलं बोट? डावा हात. करंगळीशेजारचं. वरचं पेर.

दत्ता गुंगीत होता तरी हसत होता. आपण हसून सोडून दिलेला फोन त्याच्या लक्षातही नव्हता. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. तीनच्या तीन खुणा जुळल्या होत्या, आता फाईलमधला फक्त गुन्हा उरला होता.

स्पष्टच लिहितो. मला माझ्या भावाची भीती वाटायला लागली. ज्याला मी कडेवर खेळवला, त्याची. रविवारी तो घरी जेवायला यायचा. एकदा त्यानं टरबूज कापायला सुरी घेतली तर मी उठून गॅलरीत गेलो. त्याच्या गाडीवर मागं बसणं सोडलं. बायकोनं विचारलं, भावाशी असं काय वागताय? मी कामाचं कारण सांगितलं. अहो, कामाचं कसलं... त्याला कळत होतं. जाताना पूजाच्या हातात खाऊ देऊन गुपचूप निघायचा, आणि मी दार लावून घेतलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. या गोष्टीची मला आजही शरम वाटते.

एप्रिलमध्ये त्यानं नोकरी सोडली. गावी जायचं, पुन्हा मेंढरं घ्यायची, हे त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. गावापर्यंत प्लॉटिंगचे दगड आले होते, निम्म्या लोकांनी जमिनी दिल्या होत्या. दत्ता म्हणायचा, विहीर एकदा उपसली की झालं, खाली पाणी आहे. सगळं त्या विहिरीवर अडलं होतं. ती दोन वर्षं कोरडी होती आणि तळाला गाळ. माणसं आणि मशीन लावायच्या आधी आपण दोघं जाऊन बघून येऊ, असा त्यानं धोशाच लावला. मला नाही म्हणता येईना.

दुपारी बारा-साडेबाराची वेळ. विहीर सात परस खोल — सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. वरच्या पायऱ्या धड, खालच्या दोन परसांतल्या ढासळलेल्या, तिथून दोरावरच उतरावं लागतं. दत्ता म्हणाला, "तू उतर ना, दादा. तुला रोजची सवय हाये खड्ड्यात उतरायची. दगडाला धरून उतरायला माझा हात अजून चालत नाय, वरून दोर मी अंगाला वेढून सोडतो."

बरोबर बोलत होता तो. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर ती फाईल. मी खाली आणि हा वर, हातात दोर धरून? मी म्हणालो, "नाही. तूच उतर."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग कंबरेला दोर बांधायला लागला. मी दुसराही दोर बांधायला लावला, त्याचं टोक कडुलिंबाच्या बुंध्याला. ही माझ्या धंद्यातली सवय, एका दोरावर माणूस सोडायचा नाही. हातातला दोर विहिरीवरच्या चाकावरून घेतला आणि ढासळलेल्या भागापासून त्याला हळूहळू खाली सोडायला लागलो. दोर नवीन, हात कोरडे, पाय दगडाला टेकवलेले.

आणि हात उघडले.

घसरला नाही दोर. मला झटका बसला नाही, चक्कर आली नाही. दोन्ही हात माझ्यासमोर उघडले आणि मी त्यांच्याकडं बघत होतो. चाक गरगरलं. मग कडुलिंबाचा दोर ताणला गेल्याचा आवाज आला. दत्ता ढासळलेल्या पायऱ्यांच्या दगडांपासून हातभर वर लोंबकळत होता. खालून आवाज आला, "दादा, काय झालं रं?"

मी म्हणालो, घाम आला हाताला.

शेजारच्या शेतातली माणसं धावत आली, त्याला वर ओढलं. कंबर सोलून निघाली होती. त्यानं तांब्याभर पाणी पिलं, धूळ झटकली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की दादानं दुसरा दोर बांधला म्हणून वाचलो, दुसरं कुणी असतं तर आज गेलो होतो. माणसांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जूनमध्ये मास्टरसाबचा निरोप आला. नवीन डोळ्यांनी त्यांनी अख्खी फाईल वाचून काढली होती. गेलो. त्यांनी ते वाळवीचं पान माझ्यासमोर ठेवलं.

"भाई, ये वरक ग़लत जगह सिल गया था. ये हुलिया मुल्ज़िम का नहीं है. लाश का है."

ते पान प्रेताच्या पंचनाम्याचं होतं. फाईल शिवताना पुढं लागलं होतं. चिरलेली भुवई, तीळ, तुटलेलं पेर — हे सगळं मेलेल्याचं. मेला तो धाकटा भाऊ. आरोपी थोरला. दुष्काळाचं वर्ष, आटलेली विहीर, धाकटा गाळ बघायला दोरावर उतरला, वर थोरला होता. कडुलिंबाला बांधलेला दुसरा दोर तेवढा त्या फाईलमध्ये नव्हता. विहिरीची चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या खुणा, दिली होती, ती मी त्यांना वाचू दिली नाही.

मी विचारलं, तो काय म्हणाला? जबानीत? मास्टरसाबनी बोट ठेवून वाचलं, "रस्सी मैंने छोड़ी नहीं. हाथ खुल गए."

मग कोर्टानं काय केलं, तर जन्मठेप. का, तर थोरल्याचाही हुलिया घेतलेला होता, आणि त्यात एकच ओळ महत्त्वाची. दोन्ही तळहात साफ. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भरल्या वजनाचा दोर घट्ट धरलेल्या मुठीतून सुटला तर तळहाताची साल निघते, हा डाग महिनाभर जात नाही. साल निघाली नाही याचा अर्थ मूठ आपणहून उघडली. मी मास्टरसाबच्या टेबलावर माझे हात पालथे घातले. विहिरीवरच्या त्या दिवशी घरी येऊन मी ते साबणानं धुवून पाहिले होते. साधा लालसरपणासुद्धा नव्हता.

पूजाला सांगितलं, फाईल पुढं वाचता येत नाही म्हणतात. तिनं दुसरा खटला घेतला.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. विहिरीला पाणी लागलं, दत्ता खरं बोलत होता. चाळीसेक मेंढरं आहेत त्याची, शेजारच्या प्लॉटवर बंगले उठलेत आणि हा गडी मधे मेंढरं घेऊन बसलाय. बरं चाललंय त्याचं. मी जातो, जेवतो, विहिरीच्या बाजूला फिरकत नाही. तुम्ही म्हणाल, एका बोटाचा योगायोग आणि मनातल्या भीतीनं हात सैल पडले, एवढंच. मीही स्वतःला हेच सांगतो. लिफ्टच्या मशीन रूममध्ये हे कारण मी मान्य केलं नसतं.

आणि एक गोष्ट आतापर्यंत लपवली. दोर सोडत असताना दत्तानं वर बघितलं होतं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्यानं डोळे बारीक केले, ती भुवई दिसली. आणि माझ्या मनात आलं — हा वर आलाच नाही तर मी सुटलो. एवढंच आलं. हात त्याच्या आधी उघडले की नंतर, हे मला सांगता येत नाही. रोज आठवून बघतो, रोज वेगळं आठवतं.

मागच्या रविवारी त्याचा फोन आला होता. यंदा पुन्हा गाळ साचलाय, एकदा उतरून बघावं लागेल. "येतो का, दादा? दोर तूच धर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाय."

मी म्हणालो, क्रेन लाव, पैसे मी देतो.

तो म्हणाला, दरवर्षी हेच म्हणतो तू, शहरात राहून हाताला दोर नको वाटतो आता तुला. मी म्हणालो, हो, तसंच समज.