ओडेसाचं दोघांपुरतं कॉब्लर

माझी भावजय ओडेसा टार्व्हर हिला कमी करता येत नाही. काहीच. चार माणसांना जेवायला बोलावलं तर गल्ली जेवून जाईल आणि वर डबे भरून नेईल, असा तिचा हात. उभा जन्म तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढला आणि रविवार चर्चच्या. आमच्या या जॉर्जियातल्या गावात लग्न असो की मयत, पीचचं कॉब्लर ओडेसाचंच. तळाला वितळलेलं लोणी, त्यावर मैदा-दुधाचं सरसरीत पीठ, त्यावर साखरेत मुरलेले पीच, आणि सगळं ओव्हनमध्ये. ढवळायचं नाही. पीठ आपलं आपण फळांमधून वर येतं आणि खमंग होतं. तिचं भांडं उचलायला मात्र दोन धट्टीकट्टी माणसं लागतात.

माझा भाऊ क्लिओफस, म्हणजे तिचा नवरा, जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गेला म्हणून हिनेही भिंतीकडे बघत बसावं, असं मला कधी वाटलं नाही. आणि ही बघत होती ती भिंतीकडे नव्हेच. ही बघत होती डीकन होझिया व्हिटलोंकडे.

डीकन म्हणजे आमच्या चर्चचे सेवेकरी. रविवारची प्रार्थना आटोपली की मदर इझोरासारख्या म्हाताऱ्या, आजारी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या लोकांना ताटं पोचवायचं काम त्यांचं. दर रविवारी ते ओडेसाच्या दारात यायचे, "काय देताय आज, सिस्टर ओडेसा?" असं चर्चच्या रीतीने म्हणायचे, ताटं भरून घ्यायचे, पायरीवर उभ्या उभ्या वाटीभर कॉब्लर खायचे आणि जायचे. त्या वाटीसाठी ओडेसा आठवडा ढकलायची, हे आख्ख्या रस्त्याला माहीत होतं. डीकन सोडून. त्यांची बायकोही जाऊन जमाना झाला, पण माणूस पक्का ठोंब्या. आणि गावजेवणातल्या वाटीतून कोणाला काय कळणार म्हणा!

ऐन जुलैत बातमी आली. डीकनच्या लेकीने त्यांना डेट्रॉइटला कायमचं बोलावलंय, महिनाअखेरीस निघणार. चर्चमध्ये ओडेसाच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा एकदम थांबला. घरी येताना मीच तोंड उघडलं.

"सांगून टाक त्यांना."

"काय सांगू, वर्डेल? या वयात?"

"तोंडाने नको सांगूस. फक्त दोघांपुरतं कॉब्लर कर. एक भांडं, दोन चमचे. आमच्या आईने आमच्या बापाला असंच पटवलं होतं, त्याला बरोबर कळलं."

"तुझा बाप हुशार होता," ती म्हणाली.

शनिवारी तिने छोटं लोखंडी पॅन काढलं. क्लिओफसचं सकाळचं अंडं त्यात व्हायचं. ते हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"यात केलं तर चालेल ना गं?"

"माझा भाऊ अंडं करपलं तरच कुरकुर करायचा," मी म्हटलं. "कर बिनधास्त."

पण हात ऐकेल तर शपथ! पीच कापले टोपलीभर. त्यातले दोन ठेवून बाकीचे मी उचलून बाजूला केले. पीठ ओतलं ते काठोकाठ. मीठ टाकलं ते शाळेतल्या पोरांच्या हिशेबाने, मूठ भरून. ओव्हनमधून धूर, खाली उतू गेलेलं पीठ, आणि चव अशी की समुद्र परवडला. ओडेसा खुर्चीत बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तीनशे पोरांचं सांग, डोळे मिटून करते. दोघांचं कसं करतात हेच मी विसरले गं."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी मिठाचा डबा काखेत मारला आणि सांगितलं, यापुढे चिमूट माझ्या हाताने पडेल.

रविवारचं कॉब्लर सुंदर झालं. कडेला जाळी, मध्ये केशरी रस, वर जायफळ. वास खिडकीतून बाहेर पडला मात्र, शेजारचा ओथा बिब्स वाटी घेऊन हजर. मी पायरीवरच अडवला.

"आज नाही."

"नाही? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तू जा आता."

तो वळून वळून बघत गेला. मग ओडेसाने मलाही घरी पिटाळलं. मी मागच्या पडवीपर्यंत गेले आणि तिथे जाळीच्या दाराआड बसले. दोन दिवस धूर खाल्ला होता मी, एवढा हक्क माझा होताच.

डीकन आले. खास निरोप दिला होता, 'एकटेच या.' आले एकटेच. पण हातात नेहमीचा खोका, त्यात रिकाम्या ताटांची चळत आणि झाकायची चंदेरी कागदाची गुंडाळी! मी कपाळावर हात मारला. ओडेसाच्या घरी बोलावणं म्हणजे मोठं भांडं, दुसरं या माणसाच्या डोक्यात येणार कुठून?

त्यांनी टेबलावरचं पॅन बघितलं.

"बाकीचं ओव्हनमध्ये आहे का?"

"बाकीचं नाहीच."

"सिस्टर ओडेसा, बरं नाहीये का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय!" ओडेसा कडाडली. मग आवाज खाली आला. "एवढंच केलंय."

"मग मदर इझोराला काय नेऊ?"

"तिला आज नाही. कोणालाच नाही. दोन चमचे आहेत, डीकन. बसा."

ओडेसाच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदाच ऐकत होते. डीकननी चमच्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. खोका खाली ठेवला, टोपी काढली आणि बसले. दोघं खात राहिली. पॅन जवळपास रिकामं झाल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांना वाटलेलं पुष्कळ खाल्लं मी. माझ्यासाठी म्हणून कोणी काही केल्याला फार दिवस झाले."

आणि उठले. खोका उचलला.

"कुठे निघालात?" ओडेसाचा चेहरा पडला.

"लोक वाट बघत असतील."

"रिकामी ताटं घेऊन? सांगा, ओडेसाला बरं नव्हतं."

"रविवारी मी खोटं बोलत नाही," ते म्हणाले आणि गेले.

ओडेसा पॅनकडे बघत रडायला लागली. "गेला. आता डेट्रॉइटलाच जाईल." मी आत जाऊन तिला जवळ घेतलं. डीकनला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्यातल्या दोन मोठ्याने निघाल्या.

तेवढ्यात फोन वाजला, तो मी उचलला. मदर इझोरा, आमच्या चर्चमधली सगळ्यात म्हातारी बाई. कानाने बहिरी म्हणून ओरडूनच बोलते.

"वर्डेल! माझ्याकडे रिकामं ताट आलं!"

"हो मदर, ते..."

"मध्ये बोलू नकोस! होझिया म्हणाला, मदर, ओडेसाने आज दोघांपुरतंच केलं होतं, आणि दुसरा मी होतो. असं म्हणाला, दारात उभा राहून! पोरासारखा लाजत होता. आता हेच सांगायला पुढच्या घरी गेलाय, आणि मग लेकीला फोन करणार आहे म्हणे, येत नाही म्हणून. ओडेसा कुठाय?"

ओडेसाने सगळं ऐकलं होतं. ऐकू न येणं शक्यच नव्हतं. तिने ॲप्रनने तोंड पुसलं आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"मदर," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी तुमचं ताट भरून आणू. आम्ही दोघं येऊ."