बोंडअळीच्या वर्षी गेलेलं नेट

गुलाबी बोंडअळीनं बीटीचा कापूस खाल्ला त्या वर्षी खामगावजवळच्या आमच्या गावात माझं ऑनलाइन सेंटर होतं. लिनक्स टाकलेला एक जुना कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. भरपाईच्या अर्जाचा शेवटचा दिवस. दारात गर्दी मावत नव्हती आणि भर दुपारी नेट गेलं.

राउटरचा दिवा हिरवा होता. केबल काढून पुन्हा लावली. त्याच राउटरवर माझा फोन चालत होता. म्हणजे खोट कॉम्प्युटरातच.

समोर माझ्या नवऱ्याचा दोस्त उभा होता. तो शेतकरी, आमच्याच गल्लीतला.

"फोनवर चालते अन् यात काऊन नाई चालत? मुद्दाम बंद केलं तुम्ही, वहिनी!"

"थांबा भाऊ, पाहून राह्यली ना."

"उभं पीक उपटून आलो मी. अजून किती थांबू?"

त्यानं लोखंडी स्टूल उचलून काउंटरवर घातलं. काच उडाली. दुसरा घाव प्रिंटरवर. मागून कोणी ओरडलं, "फोडा बे!" काचेचा तुकडा माझ्या भुवईत घुसला, रक्त डोळ्यात उतरलं. स्टूल पुन्हा वर गेलं तेव्हा मी कॉम्प्युटरवर आडवी पडले.

"हाणा मले! पण हे फुटलं तर कोणाचाच अर्ज जात नाई."

तेवढ्यात त्याच्या बायकोनं गर्दीतून घुसून त्याचे केस धरले, मागे ओढलं. तो काचांवर पडला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली, पुन्हा मारली.

मी पदरानं डोळा पुसला आणि कमांड टाकली. नेट जोडणारी सर्व्हिस, म्हणजे आत चालणारा प्रोग्राम, सुरू होती, पण दुपारी आपोआप झालेल्या अपडेटनं तसलीच आणखी एक चालू केली होती. एकीनं जोडलं की दुसरी तोडायची. दुसरी बंद केली, पहिली नव्यानं सुरू केली. पान उघडलं.

मी त्यालाच आधी बोलावलं, भीतीनं. अंगठा काचेनं फाटलेला, मशीन घेईना. बायकोनं त्याचं दुसरं बोट पुसून मशीनवर दाबून धरलं.

"भुवईले टाके पडतीन, वहिनी," तो खाली पाहत म्हणाला.

"पडतीन," म्हणत मी पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, दोस्त आहे, जाऊ दे. मी एकटीच ठाण्यात जाऊन तक्रार दिली. गल्लीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याची बायको मात्र बोलायची.