मंगळवारचं तेल

नातीनं परवा नांदेडच्या एका दुकानातून लाकडी घाण्याच्या करडई तेलाची बाटली आणली. झाकण उघडलं आणि त्या वासासरशी मी निजामाच्या काळातल्या लातुरात, गंगूमावशी तेलिणीच्या दारात जाऊन उभी राहिले.

बाजारात तेव्हा मिलच्या तेलाचे डबे येऊ लागले होते. पेठेतली बरीच घरं तिकडं वळली. आई मात्र दर मंगळवारी करडईची पिशवी घेऊन मावशीकडं जायची. मी आठेक वर्षांची. झापड बांधलेला बैल संथ फिरायचा, लाकूड करकरायचं आणि कोमट तेलाची धार भांड्यात उतरायची.

"घरात तेल भरपूर हाय की," मी एकदा बोलून गेले. आईनं माझा दंड दाबला.

मावशी हसली. "ठाऊक हाय मला. घाणा बंद राहिला की लाकूड वाळून तडकतंय, पोरी. म्हणून गल्लीतल्या सहा घरांनी वार वाटून घेतलेत. सोमवारी बैलाला सुट्टी, मंगळवार तुझ्या आईचा."

चोरी पकडल्यासारखी आई खाली बघत राहिली. मावशीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

एवढ्या तेलाचं करायचं काय, म्हणून आमच्याकडं सारखी धपाटी व्हायची. आई आम्हाला वरून तेल सोडून वाढायची आणि स्वतः ताकात कोरडी भाकर कुस्करून खायची. तिला भाकरच आवडते, असं आम्ही समजायचो. करडईचं तेल तिला मुळीच सोसत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.