अक्काच्या पुस्तकांतला लाल धागा

अक्काचं तेरावं झालं आणि तिच्या लेकीनं उरलेली पुस्तकं माझ्यापुढं आणून ठेवली. मी वाचून निर्ण्याला, तिच्या सासरी पाठवलेली, अजून परत न आलेली. वरचं उघडलं. लाल धागा अगदी शेवटी होता, प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिरातीत.

आम्ही दोघी बहिणी कन्नड शाळेत शिकलो. मराठी अक्षरं अप्पांनी घरी शिकवली. गाणगापुरात त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं, तिथल्या दोऱ्याच्या गुंडीचा लाल धागा तोडून ते आम्हाला द्यायचे. वाचताना जिथं जीव अडकेल तिथं तो घालून ठेवायचा. लग्नानंतर मी कलबुर्गीला आले, तरी ही रीत चालू राहिली. सोलापूरहून आणलेलं पुस्तक आधी मी वाचायची, मग अक्का. परत आलं की मी पहिल्यांदा तिचा धागा शोधायची. ह्या ओळीपाशी अक्काला काय आठवलं असेल, याचा विचार करत बसायची. विचारलं नाही कधी. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, असं वाटायचं.

"इथं कामून घातला गं अक्कानं धागा?" मी भाचीला विचारलं.

"तो मीच घातला. सगळ्यातच मीच घालत होते." ती सहज म्हणाली. "आई वाचायची कुठं, मावशी? ज्वारीच्या भाकऱ्या करत, वायर कानात घालून ऐकायची. सगळी पुस्तकं मोबाइलवर मिळतात की."

"आणि धागा?"

"घाल म्हणायची कुठं बी. मावशीला बरं वाटतंय."

भाचीला मराठी वाचता येत नाही. तीही कन्नड शाळेतली, आणि घरात आईच्या हाती उघडं पुस्तक तिनं पाहिलंच नव्हतं.

माझा चेहरा बघून ती घाबरली. "ऐकून रडायची हो ती, खरंच. एकदा तर भाकर करपली."

ते खोटं नसणार. फोनवर अक्का पुस्तकावर माझ्यापेक्षा चांगलं बोलायची. मी विसरलेली वाक्यं तिला पाठ असायची. कानांनी घेतलेलं पुस्तकही पुस्तकच, हे मी दुसऱ्या कुणाबद्दल मान्य केलं असतं. पण दवाखान्यात मी तिच्या हातात पुस्तक दिलं होतं. तिनं ते छातीवर उपडं ठेवलं. "तूच वाच गं, डोळे दुखायलेत." मी आजाराला बोल लावला. आता वाटतं, तिची अक्षरं आधीच सुटली असावीत. अप्पांनी पाटीवर बोट धरून गिरवून घेतलेली अक्षरं. एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी निर्ण्याला येऊन वाचून दाखवलं असतं. तिनं मला सांगितलं नाही, मला बरं वाटू दिलं.

दवाखान्यातलं ते पुस्तक ढिगात सगळ्यांत खाली होतं. निम्म्यात माझा धागा.

"हे मी बी ऐकत होते तिथं बसून," भाची म्हणाली. "पुढं काय झालं, मावशी? वाचून दाखव की."

मी पुस्तक मिटलं.

"मोबाइलवर असंल," मी म्हणाले.