खाऱ्या बांगड्याने तन्वीला पास केलं!

बायांनो, हातातलं काम टाकून लिहितेय. माझी नात तन्वी आज सायन्सच्या तोंडी परीक्षेत पास झाली! मागच्या वेळी राहिली होती, म्हणून घरात सगळ्यांनाच टेन्शन होतं.

काल 'हायपर'वाले शब्द घोकता घोकता रडायला लागली. मी विचारलं, "हायपर म्हणजे काय गो?"

"प्रमाणापेक्षा जास्त, आजी."

मी दुसरी शिकलेली, पण जास्तीचं मला बरोबर कळतं. आजोबांचं बीपी म्हणजे हायपरटेन्शन. त्यांची साखर वाढते ते हायपरग्लायसेमिया. तरी चोरून जिलेबी खातात, ते जाऊ दे.

'हायपरटॉनिक' मात्र तिच्या डोक्यात बसेना. बाहेर मीठ जास्त असलं की पेशीतलं पाणी बाहेर येतं म्हणे. मी तिला ओट्याशी नेलं. सकाळी मीठ लावलेल्या बांगड्यांखाली पाणी साचलं होतं.

"बघ, मी थेंबभर पानी घातलं नाय. मिठानं ओढलं."

आज मॅडमनी नेमकं तेच विचारलं आणि पोरीने बांगडाच सांगितला! मॅडम हसून म्हणाल्या, "कोणी शिकवलं?" ही ताठ मानेने म्हणाली, "आजीने."

आजोबा मला म्हणतात, "आता तू डॉक्टरीण!" म्हटलं, मग आधी तुमची जिलेबी बंद.

तुमच्या नातवंडांचं काय अडलंय? सांगा, मीठ भरपूर हाय!