समुद्राच्या टाकीतला धुरा

मी बायकोच्या थोबाडीत मारली, आणि चौथ्या दिवशी नागपूरहून तिच्यासाठी दोन मासे घेऊन आलो. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मारायचं कारण विचाराल तर मी कुणाशी तरी तावातावानं बोलत होतो आणि ती मध्ये बोलली, एवढंच. माझा राग नाकावर. दवनीवाड्यात मला ओळखणारा माणूस माझ्याशी वाद घालताना दोन पावलं लांब उभा राहतो. कित्येक वर्षं मला याचा अभिमान वाटायचा. आता लाज वाटते.

खाऱ्या पाण्याची टाकी हा माझा शौक. आमचं धानाचं गाव, मासे म्हणजे बोडीच्या तळ्यातले, रश्शातले. समुद्र निम्म्या गावानं पाहिलेला नाही. नागपूरच्या एका डॉक्टरकडे बसल्या बसल्या मी अशी टाकी पाहिली आणि ती डोक्यात शिरली ती शिरलीच. चार फुटांची काच, पंप, हीटर, इन्व्हर्टर, पाण्यात मिसळायचं खास मीठ, समुद्रातले भोकाभोकाचे दगड आणि त्यांवर चिकटलेली दोन-चार पोवळी. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "भाऊ, खाच्या मासोऱ्या होत काय ह्या?" मी त्याला चहा न पाजता वाटेला लावायचो.

टाकीत पहिला मासा टाकला तो निळा डॅमसेल. बोटाएवढा जीव, पण निळा असा की बघत राहावं. दुकानदार म्हणाला होता, कणखर आहे, नव्या पाण्यातही मरत नाही. ते खरं होतं. पण जो आधी येतो तो सगळी टाकी आपल्या बापाची समजतो, हे त्यानं सांगितलं नाही. काच पुसायला हात घातला की हा दगडाखालच्या गुहेतून सुटायचा आणि माझ्या बोटांवर धडका द्यायचा. मला मजा वाटायची. "आपल्यावर गेला पठ्ठ्या," असं मी लोकांना हसत सांगायचो. बायको तेव्हा हसायची नाही.

तिच्यासाठी आणलेले दोघं क्लाउन मासे होते, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. दुसऱ्या दिवशी खाद्याची डबी तिनं माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, झालं, मिटलं. तिसऱ्या दिवशी त्यातला एक पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला. शेपूट नव्हती, पोट फाटलेलं. दुसरा वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, अंग चोरून उभा. दाणा घ्यायला वीतभर खाली आला की निळा खालून गोळीसारखा यायचा, बरगडीत धडक, मग शेपटीला चावा, पुन्हा धडक. काचेतून आवाज येत नाही. तोंड दाबून मारल्यासारखं दिसतं ते.

ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तो मासा तुमचा, हा माहा. हा बी मेला तं मी केशोरीले जाईन. मंग आणाले येऊ नका."

केशोरी तिचं माहेर. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी उलट ओरडलो असतो आणि विषय संपला असता. मी घाबरलो, खरंच घाबरलो. आमच्या लग्नाचं काय होणार ते त्या कोपऱ्यातल्या नारिंगी माशावर येऊन ठेपलं होतं.

वेगळी टाकी माझ्याकडे नव्हती, बादलीत तो टिकला नसता. जाळी घेऊन निळ्यामागे लागलो, तर तो दगडांत असा शिरायचा की दिवसभर नुसती शिवीगाळ व्हायची. शेवटी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भैया, सारे पत्थर बाहर निकालो, नए सिरे से जमाओ. अपना घर पहचानेगा नहीं तो दादागिरी भूल जाएगा. और हाथ में आ जाए तो थैली में डालके भेज दो, मैं रख लूँगा."

मला हे पटलं नाही. भांडण मिटवायला घर काऊन मोडायचं? आमच्याकडे भांडण मिटतं ते धुरा घालून, म्हणजे शेतात बांध घालून. माझ्या धानाच्या बांधीला लागून चुलतभावाची बांधी. धुरा दुरुस्त करताना तो दर साली माझ्या बाजूची वीतभर माती ओढून घ्यायचा. एका साली धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत मी त्याला रंगेहाथ धरला. फावड्याच्या दांड्यानं पाठीत हाणला, तो माझ्या दंडाला कडकडून चावला, मग मी त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. रोवणाऱ्या बायांनी ओढलं नसतं तर तो तिथंच गेला असता. मग पंचांनी खुंट्या ठोकल्या आणि गुडघाभर उंच नवा धुरा घातला. त्यानंतर भांडण नाही. आम्ही एकमेकांचं तोंडही पाहत नाही, पण भांडण नाही. यालाच मी शहाणपण समजत होतो.

म्हणून टाकीतही मी धुराच घातला. दगडावर दगड रचत समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत भिंत, फटींत बारके दगड ठोसलेले. डावीकडे निळा, उजवीकडे नारिंगी. आणि बांधीतून बांधीत पाणी जायला धुऱ्याला तोंड ठेवतात, तसं वर चार बोटं तोंड ठेवलं, पंपाचं पाणी फिरायला. धुरा बिनतोंडाचा घालायचा हे माझ्या हातांना सुचणारच नव्हतं. बायकोला बोलावून म्हटलं, "पाह्य, झाली वाटणी." तिनं पाहिलं आणि आत गेली.

निळा तासाभरात त्या तोंडावर येऊन उभा राहिला. आधी तो गुहेजवळ येणाऱ्याला मारायचा, आता मी त्याला हद्दच आखून दिली होती. खाणं सोडून तो दिवसभर तिथंच, आणि पलीकडे काही हललं की वरून उडी. दोन दिवसांत नारिंगीचा एक डोळा पांढरा झाला, शेपटीच्या चिंध्या झाल्या. रविवारी बायकोनं माळ्यावरून बॅग काढली.

"थांब," मी म्हटलं. "आज सगळे दगड काढतो."

"काढा," ती म्हणाली. बॅग तिथंच ठेवून तिनं पदर खोचला आणि मदतीला आली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

दगड घमेल्यांत, बादल्यांत काढत गेलो. सुरीसारख्या धारा त्यांना. माझ्या बोटांची सालटी निघाली, वरून खारं पाणी, नुसती आग. पाणी दुधासारखं गढुळलं. एकेक दगड उचलला की निळा पुढच्या दगडाखाली, आणि शेवटचा उचलल्यावर त्याला जागाच उरली नाही. या टोकाहून त्या टोकाला पळत तो काचेवर आपटायला लागला. बायको हसली. "पाहा, आता कसा पयते!" त्या थोबाडीनंतर ती पहिल्यांदा हसली होती.

तिनं पाणी भरलेली पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरली. दोन फेऱ्यांत निळा जाळीत आला. त्याच्या परांचे काटे जाळीत अडकले, म्हणून मी हातानं सोडवायला गेलो, आणि त्यानं अंगठ्याच्या बुडात काटा खुपसला.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणा इकडे, सोडा पिशवीत," ती म्हणाली. पिशवी माझ्या मुठीपासून वीतभर लांब होती.

मी मूठ आवळली. हात आपोआप आवळला गेला, असं नंतर मी सगळ्यांना सांगत फिरलो. आपोआप काही होत नाही. मी आवळली, आणि तो मुठीत तडफडत होता तेव्हा अजून जोरात आवळली. हाडं मोडलेली बोटांना कळली. बरं वाटलं, हेही सांगतो. मूठ उघडली तेव्हा निळा रंग उतरायला लागला होता.

ती माशाकडे पाहत नव्हती, माझ्या हाताकडे पाहत होती. मग तिनं पिशवीतलं पाणी बादलीत ओतलं.

"मेला ना तो!" मी ओरडलो. "तुहा मासा वाचला. अजून काय पाहिजे तुले?"

"माह्या हाती पिशवी होती," ती म्हणाली.

बॅग उचलून ती गेली. तिचा भाऊ केशोरीच्या वाटेवरच्या कोहमाऱ्याच्या चौकात गाडी घेऊन आला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं त्याला निघाल्यावर कळवलं की आधीच, ते मी कधी विचारलं नाही.

दगड मी एकट्यानं लावले. या वेळी भिंत नाही, दोन सुटे ढीग आणि मध्ये मोकळी वाळू. नारिंगी मासा तिसऱ्या दिवशी हीटरच्या मागून खाली उतरला, एका डोळ्यानं सगळीकडे चाचपत फिरला आणि दाणा खाल्ला. आनंदानं माझे डोळे भरले. लगेच तिला फोन केला.

"वाचला," मी म्हटलं. "खाते आता. तू म्हटलं होतं, मेला तं जाईन. मेला नाही ना तो! आता ये."

ती नीट, सावकाश म्हणाली, "मासा वाचला, बरं झालं. आता मले बी वाचाचं आहे."

तिनं फोन ठेवला. तिचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी आधी आला तो रागच, तिचा. माझी मूठ वळली होती, आणि घरात मारायला कोणी नव्हतं.