अनोळखी बटण

परतवाड्याच्या वाचनालयात ग्रंथपाल माया इंगळेंनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली टाकून घेतली आणि आवाज वाढवायचं बटण चालेना. अंध वाचक त्या लॅपटॉपवरच पुस्तकं ऐकत. त्यांनी अकोल्याच्या ललित तायडे या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"ताई, बटण दाबा अन् लॉग, म्हंजे मशीनची नोंदवही, वाचा. मशीन काय म्हणून राहिली?"

"अनोळखी बटण दाबलं म्हणते. पुढं एक कोड हाये."

"मंग बटण चांगलं हाये. मशीनले फक्त त्याची ओळख करून द्या."

ललितने सांगितलेली कमांड मायाताईंनी स्वतः टाइप केली. पुन्हा बटण दाबलं, तर आवाज खणखणीत वाढला.

रविवारी मायाताई संत्र्यांची पिशवी घेऊन अकोल्याला गेल्या.

"तुमी मले शिकवलं, ललितभाऊ. हे मी विसरणार नाही."

ललित लाजला. त्याने एक संत्रं सोललं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.